वाढवलेले दोन इंच

दादाच्या हातून आयुष्यात एकच गोष्ट सरळ गेली, ती म्हणजे गोल्फचा चेंडू, असं आमची आत्या म्हणायची. दादा म्हणजे माझे वडील. बाकी नोकरी, शेताची वाटणी आणि खुद्द आत्याचं लग्न, हे सगळं त्यांनी वाकड्यात नेलं असा तिचा दावा होता. तिसरा मुद्दा तर पुराव्यासह शाबीत झालेला. लग्नानंतर चार वर्षांत ती एक ट्रंक आणि एक तांब्याचा हंडा घेऊन भावाकडं परत आली आणि कायमची आमच्या घरची झाली. दोन्ही वस्तू तिनं सोप्यात अशा जागी ठेवल्या होत्या, की वडिलांना जाता-येता दिसाव्यात.

कोल्हापुरात गोल्फ होता, हे आज मी कुणाला सांगितलं तर लोक माझ्याकडं संशयानं बघतात. कुस्ती म्हणा, घोडे म्हणा, शिकार म्हणा. पण होता. संस्थानच्या दिवसांत गोऱ्या साहेबांसाठी गावाबाहेर एक माळ राखलेला होता. नऊ होलांचा. होल म्हणजे चेंडू जिथं अखेर पडायचा तो खड्डा, आणि तिथवरच्या पट्ट्यालाही होलच म्हणत. विलायतेत त्या खड्ड्याभोवती गालिच्यासारखी हिरवळ असते म्हणे. आमच्याकडं तेलात कालवलेली वाळू असायची, काळपट तपकिरी, आणि उन्हाळ्यात तिचा वास मोटार दुरुस्तीच्या दुकानासारखा यायचा. आठवड्याचे सहा दिवस तिथं म्हशी चरत, रविवारी आम्ही.

वडील दरबारच्या नोकरीत होते. पाहुण्यांची उतरण्याची सोय, गाड्या, जेवणं, असलं त्यांचं खातं. एकदा तीन साहेब खेळायला उभे राहिले आणि चौथा तापानं पडला. चौथा हवाच, म्हणून वडिलांच्या हातात काठी दिली. काठी हातात घेतली ती त्यांनी पंचवीस वर्षं सोडली नाही. त्यांचा खेळायचा वेशही बघण्यासारखा. डोक्याला रुमाल, अंगात बंद गळ्याचा कोट, खाली धोतर, आणि पायांत तळाला खिळे असलेले जाड टाचेचे बूट. ते माळावरून चालायला लागले की कमरेपर्यंत न्यायाधीश आणि कमरेखाली घोडेस्वार दिसत.

संस्थान विलीन झालं. साहेब तर त्याच्या आधीच बोटीत बसून गेले होते. जाताना एका साहेबानं वडिलांना आपली ड्रायव्हर नावाची काठी दिली. प्रत्येक होलाच्या सुरुवातीला लांब फटका मारायची ती काठी, खाली मुठीएवढं गुळगुळीत लाकडी डोकं आणि वर लांब दांडा. दांडा विलायती लाकडाचा होता, आणि आमचा पहिलाच उन्हाळा लागताच तो मधोमध तडकला. मुंबईच्या दुकानांत पोलादी दांड्यांच्या काठ्या येऊ लागल्या होत्या, पण वडिलांना पोलादाचा फटका हाताला रुचत नसे. मग ते मला घेऊन मिस्त्रीकडं गेले.

मिस्त्री म्हणजे आमच्या पेठेच्या टोकाचा सुतार. नांगर, गाडीची जोखडं, कुऱ्हाडी-कुदळींचे दांडे, तालमीतल्या लाठ्या, सगळं करायचा. वडिलांनी तडकलेली काठी त्याच्यापुढं धरली. त्यानं ती वाकवून पाहिली, हुंगली, आणि धामणीचा दांडा घालू म्हणाला. धामण म्हणजे तो साप नव्हे. गगनबावड्याच्या बाजूला जंगलात होणारं झाड आहे, त्याचं लाकूड वेतासारखं लवतं आणि मोडत नाही. मग वडील माप द्यायला आत पाऊल टाकणार, तोच तो म्हणाला, "सायेब, पायताण भाईर. हत्यारं हाईत न्हवं हितं."

त्याच्या जागेत कुणी पायांत काही घालून जात नसे. करवत, रंधा, पटाशी हे त्याचे देव. दसऱ्याला त्यांना झेंडूची फुलं लागत आणि वर्षभर मान. वडिलांनी निमूट ते खिळ्यांचे बूट उंबऱ्याबाहेर काढले, अनवाणी आत गेले आणि समोर चेंडू आहे असं समजून उभे राहिले. मिस्त्रीनं त्यांच्या हातात एक कोरी काठी दिली, दोन पावलं मागं जाऊन एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं, आणि हाताच्या वर पेन्सिलीची खूण केली.

साहेबाची काठी त्रेचाळीस इंच होती. मिस्त्रीची भरली बेचाळीस. बुटाची टाच आणि खिळे मिळून जो इंच होतो, तो उंबऱ्याबाहेर राहिला होता.

ही चूक रविवारी माळावर कळली. बूट घालून उभं राहिल्यावर वडिलांना चेंडूपर्यंत पोचायला जरा जास्त वाकावं लागलं, आणि ते मिस्त्रीच्या सात पिढ्यांबद्दल मनातल्या मनात काही बोलले असावेत, कारण त्यांच्या मिशा हलल्या. पण त्यांनी फटका मारला आणि चेंडू सुतानं आखल्यासारखा समोर गेला. दुसराही तसाच, तिसराही. त्याच्या आधी त्यांचा तिसरा चेंडू हमखास उजवीकडच्या उसात जायचा. त्या उसाचा मालक बांधावरून म्हणायचा, "पावणं, ऊस तुटला की सांगतो, तवा या आन् येचून न्या." त्या वर्षी तो एकदा आपणहून माळावर आला आणि पावण्यांची तब्येत बरी हाय न्हवं, अशी चौकशी करून गेला.

ही गोष्ट वडील पुढं चार वर्षं सांगत राहिले. दिवाणखान्यात, लग्नाच्या पंगतीत, नरसोबाच्या वाडीला जाताना गाडीत. "पायताण काढल्यामुळं मी सरळ झालो," असा शेवट करायचे आणि स्वतःच हसायचे. आमचे वडील हसत फार कमी, म्हणून ती गोष्ट कितव्यांदा ऐकतोय हे आम्ही मोजत नव्हतो.

त्यातलं इंगित एवढंच. दांडा लांब असला की काठीचं डोकं मोठा फेरा घेऊन येतं, वेगानं येतं, चेंडू लांब जातो. पण लांब दांडा म्हणजे डोकं हातापासून दूर, आणि दूरची गोष्ट हाताचं ऐकत नाही. चेंडूला डोक्याचा बरोबर मध्यच लागायला हवा. अंगठ्याएवढा फरक पडला तरी वेगानं कमावलेलं सगळं जातं, वर चेंडू वाकडा होतो तो वेगळाच. आखूड दांड्यात वेग थोडा कमी, पण मध्य सापडतो. हे मी आज दोन ओळींत लिहिलं. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं असंही नाही, मी अर्धंच वाचलं होतं. मी एका हायस्कुलात गणिताचा मास्तर होतो, वय सत्तावीस, आणि त्रिज्या वाढली की परीघ वाढतो याच्यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

आई गेली विलीनीकरणाच्या आदल्या वर्षी. त्यानंतर वडिलांचं बोलणं कमी झालं. पेन्शन, सकाळचा चहा, रंकाळ्यापर्यंत फेरी, दुपारी झोप. माझ्याशी ते हवेबद्दल बोलत. फक्त रविवारी सकाळी माळावर, मी त्यांची पिशवी खांद्याला लावून मागं चालत असताना, त्यांचं तोंड उघडे. आईबद्दलसुद्धा ते मला तिथंच काही सांगत. लग्नात तिनं त्यांना उखाण्यात कसं फसवलं होतं, पहिल्यांदा तिला गावातून बग्गीत फिरवलं तेव्हा ती कशी डोळे मिटून बसली होती. पाचव्या होलाच्या वाटेवर आईचं लग्न व्हायचं आणि सहाव्यापाशी येऊन ते गप्प व्हायचे, कारण सहाव्याला ओढा होता.

ओढा काही मोठा नव्हता. पावसाळ्यात अंगात यायचा, एरवी गुडघाभर पाणी. पण फटका मारायच्या जागेपासून तो दीडशे यार्डांवर आडवा पसरलेला, आणि चेंडू एका फटक्यात पार गेला तर अब्रू. अलीकडं उजव्या हाताला तोच तो ऊस, पलीकडच्या काठावर एक करंजाचं झाड. वडील दर रविवारी त्या करंजापलीकडं चेंडू टाकत. आमच्यात एक वकीलसाहेब होते, पोट मोठं, खेळ बेताचा, जीभ तिखट. त्यांनी एकदा विचारलं, की आपण किती वर्षं खेळणार, काही मर्यादा? वडील म्हणाले, ज्या दिवशी ओढा ओलांडायचा नाही त्या दिवशी काठी ठेवीन. वकीलसाहेबांनी तिथल्या तिथं अटी घातल्या. एक दिवस धरायचा नाही, लागोपाठ तीन रविवार चुकले तर. वडिलांनी विचारलं, लेखी देऊ का? वकीलसाहेब म्हणाले, तोंडी पुरे, साक्षीदार आहेत. साक्षीदार मी. सगळे हसले. वडील हसले नाहीत. दिलेला शब्द मोडण्याची त्यांना सवय नव्हती आणि शिकायचं वयही राहिलं नव्हतं.

वडील साठीला आले तसा चेंडू करंजाच्या अलीकडं पडू लागला. मग काठावर. पुढच्या मोसमात पलीकडच्या काठाच्या उतरणीवर, पाण्याला लागून. पार जायचा, पण मी मास्तर माणूस, मला आलेख दिसतो. मी मनात रेघ ओढली आणि ती कुठल्या महिन्यात पाण्यात उतरते तेही काढलं. त्यानंतर शब्दाप्रमाणे काठी ठेवली जाणार होती. पाचव्या होलाची वाट बंद झाली तर आईही बंद होणार होती.

त्यातच त्यांची एकसष्टी आली. मला सुचलं, म्हणजे साक्षात्कारच झाला म्हणा, की दोष वयाचा नाही, त्या हरवलेल्या इंचाचा आहे. मिस्त्रीची जुनी चूक दुरुस्त करायची, वर एक इंच माझ्याकडून. चव्वेचाळीस. मी वहीत वर्तुळं काढली, एक बेचाळीसचं आणि एक चव्वेचाळीसचं, आणि दोहोंतला फरक लाल पेन्सिलीनं रंगवला. त्या रंगवलेल्या पट्टीत मला ओढा पार झालेला स्पष्ट दिसत होता. वडील दुपारी झोपले असताना ड्रायव्हर धोतरात गुंडाळून मी मिस्त्रीकडं पळवला.

मिस्त्रीनं वही बघितली, वर्तुळं बघितली, माझ्याकडं बघितलं.

"मास्तर, दांडा मानसाच्या मापानं करायचा असतोय, रानाच्या मापानं न्हाई."

मी त्याला त्रिज्या समजावून सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली. म्हणाला, कुऱ्हाडीचा दांडा लांब केला की घाव जोरात बसतो, खरं बसतो कुठं ह्याचा नेम नाही, मग लोक बोट तोडून घेतात आन् कुऱ्हाडीला शिव्या देतात. मी म्हटलं, गोल्फमध्ये बोट तुटत नाही. तो म्हणाला, मग करतो की, माझं काय जातंय. नवा दांडा धामणीचाच घातला, चव्वेचाळीस इंच, वर नवं कातडं गुंडाळलं, जवसाचं तेल पाजलं. काम देखणं झालं होतं. निघताना त्यानं विचारलं, जुन्याचं काय करू?

इथं मी थोडा थांबतो, कारण यापुढचं वाक्य मी बोललो होतो आणि ते मला बदलता येत नाही. मी म्हटलं, मला फळ्यासाठी छडी करून दे. आकृती दाखवायला. त्यानं जाड टोकाकडचा अडीच फूट भाग ठेवला, बाकीचा कापला, टोक निमुळतं केलं. त्या जाड टोकाला चार वर्षांच्या घामानं काळवंडलेला पट्टा होता आणि वडिलांच्या अंगठ्यानं पाडलेली एक खळगी. हाताला फार छान बसायची.

एकसष्टीला वडिलांना पाटावर बसवलं, एकसष्ट दिव्यांनी ओवाळलं. माझ्या बायकोनं ड्रायव्हरला हळदकुंकू लावून तबकात ठेवला. तबकात तो मावेना, दोन्ही बाजूंनी बाहेर आला, आणि भटजींनी हे कोणतं आयुध म्हणून विचारलं. वडिलांनी तो हातात घेतला, उभं राहून बघितलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं. दांड्यावरून हात फिरवत ते म्हणाले, "वाढवलास."

मी अभिमानानं सांगितलं, दोन इंच.

तेवढ्यात आत्या पुढं झाली. आयुष्यात तिनं वडिलांना टोमण्याशिवाय काही दिलं नव्हतं. त्या दिवशी तिचे डोळे भरलेले. तिनं त्या काठीवर अक्षता टाकल्या आणि म्हणाली, "दादा, पोरानं ही जशी वाढवली, तसंच तुझं आयुष्य वाढू दे. ही आता कधी आखूड करायची नाही हो." भटजी तथास्तु म्हणाले. पंगत बसली. कुणालाच काही वाटलं नाही, उलट सगळ्यांना वाटलं की काय छान बोलली. मलाही वाटलं.

पहिल्या रविवारी पहिल्याच होलाला वडिलांनी असा चेंडू मारला, की वकीलसाहेबांच्या तोंडातून वाक्य निघेना. तसा फटका त्यांनी चाळिशीतही मारला नसेल. सरळ, उंच, कापसासारखा. वडिलांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. माझ्या वहीतली लाल पट्टी आकाशात फडकत होती. सहाव्या होलापर्यंत मी पिशवी घेऊन चालत नव्हतो, तरंगत होतो.

सहाव्याला चेंडू उजवीकडं वळला आणि उसात गेला. हवेतच वळला, जसं कुणीतरी त्याला हाक मारली. बांधावरून आवाज आला, "पावणं, आलासा व्हय परत?" सगळे हसले. वडीलही हसले. नव्या काठीची सवय व्हायला वेळ लागतो, असं त्यांनीच सगळ्यांना समजावलं. मुलानं करून दिली आहे, अशी काठी मुंबईत मिळायची नाही, हेही सांगितलं.

दुसरा रविवार. वडील सहाव्याला उभे राहिले. मी त्यांच्या बरोबर समोर होतो, दहा पावलांवर. त्यांनी काठी धरली, जमिनीवर टेकवली, आणि मग त्यांचे दोन्ही हात दांड्यावरून सावकाश खाली सरकले. दोन इंच. नवं कातडं वर रिकामं उरलं. मिस्त्रीच्या दुकानात अनवाणी उभे राहिले होते तसेच ते उभे होते, किंचित वाकून, आणि काठी त्यांच्या अंगाला परत बसली होती. मला ते दहा पावलांवरून दिसलं. मग त्यांनी वर बघितलं, माझ्याकडं.

माझा चेहरा तेव्हा कसा होता, मी पाहिला नाही. फळ्यावर लिहिलेलं गणित कुणी आपल्यासमोर पुसलं तर मास्तरांचा होतो तसा झाला असेल. वडिलांनी तो पाहिला. मग त्यांनी हात परत वर नेले, कातड्याच्या अगदी टोकाला धरलं, आणि फटका मारला.

ऊस.

मला तोंड उघडून एक वाक्य बोलता आलं असतं. बाबा, खाली धरा. तीन शब्द. मी वर्गात दिवसाला हजारो शब्द बोलायचो आणि वाडीच्या जत्रेत नकला करून लोकांना लोळवायचो. ते तीन शब्द निघाले नाहीत. घरी येताना वडील हवेबद्दल बोलले.

मधल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी ड्रायव्हर घेऊन मिस्त्रीकडं गेलो. पायताण बाहेर काढलं, आत गेलो, सगळं सांगितलं. मी वाटेत तयारी केली होती, की तो म्हणेल, बघा मी सांगितलं नव्हतं? तो तसं काही म्हणाला नाही. "आना की," म्हणाला, "वरनं कापू. बिडी वडायच्या आत हुतंय." त्यानं कातडं सोडलं, बेचाळीसवर खूण केली, दांडा कापायच्या लाकडी घोड्यावर आडवा ठेवला आणि करवत उचलली.

मी थांब म्हणालो.

मी देव न मानणारा माणूस. मुहूर्त, शकुन, अक्षता यांची टिंगल करून मी आमच्या गल्लीत नाव कमावलेलं. पण त्या दांड्यावर दोन अक्षता चिकटल्या होत्या, तेलात घट्ट बसलेल्या, हळदीनं पिवळ्या. ही आता कधी आखूड करायची नाही हो. करवतीचे दात लाकडाला टेकले आणि मला वडिलांची मान दिसली. मी मिस्त्रीला सांगितलं, की आत्या असं असं बोलली आहे. मला वाटलं तो हसेल. त्यानं करवत खाली ठेवली, दांड्याला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि म्हणाला, मग न्हाई बाबा, मला सांगू नगासा. आणि कातडं परत गुंडाळायला लागला.

घरी आलो तर वडील सोप्यात बसलेले. माझ्या हातात काठी बघून त्यांनी विचारलं, कुठं नेली होतीस. मी म्हटलं, तेल द्यायला. त्यांनी काठी घेतली, उभी करून जमिनीला टेकवली, हातानं उंची पाहिली. ती तेवढीच होती. "बरं," म्हणाले. त्या एका शब्दात काय होतं, निराशा की सुटका, हे मी वीस वर्षं शोधतोय.

तिसरा रविवार. पाचव्या होलाच्या वाटेवर त्या दिवशी आई आली नाही. सहाव्याला वकीलसाहेबांनी आपला स्वतःचा पोलादी ड्रायव्हर पुढं केला आणि हे मारून बघा म्हणाले. वडिलांनी नको म्हणून सांगितलं. हात कातड्याच्या टोकाला. मी जमिनीकडं बघत होतो. आवाजावरूनच कळलं, की मध्य चुकला आहे. नीट लागलेला चेंडू टाळीसारखा वाजतो, हा दारावर थाप पडल्यासारखा वाजला. चेंडू उसात मात्र गेला नाही. सरळ गेला, अगदी सरळ, आणि ओढ्याच्या मधोमध पाण्यात पडला.

मग वकीलसाहेब, ज्यांनी अटी घातल्या होत्या तेच वकीलसाहेब, घसा खाकरून म्हणाले, "आज वारा फार आहे. आजचा रविवार धरायचा नाही."

माळावरचं गवत ताठ उभं होतं. उसाचं पान हलत नव्हतं.

"वकीलसाहेब, वारा नाही," वडील म्हणाले. मग जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जावं असं, "काठी उत्तम आहे. मनगटात जोर राहिला नाही."

ड्रायव्हर पुसून त्यांनी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवला. ओढ्यापर्यंत चालत गेले, काठावर बसून बूट काढले आणि धोतर गुडघ्यापर्यंत धरून पाण्यातून पार झाले. पलीकडच्या करंजाला हात लावला, परत आले. चेंडू शोधला नाही. आम्ही घरी गेलो.

आत्याचा आशीर्वाद खरा ठरला. वडील त्यानंतर आणखी सहा वर्षं जगले, खडखडीत. आमच्या घराण्यात इतकं कुणी जगलं नव्हतं. रविवारी सकाळी ते आंघोळ करून, रुमाल बांधून सोप्यात खुर्चीवर बसत आणि दहा वाजेपर्यंत रस्त्याकडं बघत. दहाला रुमाल काढून खुंटीला लावत. दसऱ्याला ड्रायव्हरला फूल वाहत. आत्या सगळ्यांना सांगे, बघा, दोन इंचांनी दादाला किती वर्षं दिली. वडील मान हलवत. पायताणाची गोष्ट त्यांनी परत कधी सांगितली नाही. मीच एकदा पाहुण्यांसमोर सुरू करून दिली, सगळी सोंगं आणून, मिशासुद्धा हलवून दाखवल्या. पाहुणे हसले. शेवटचं वाक्य वडिलांनी म्हणावं म्हणून मी थांबलो. ते उठून आत पाणी प्यायला गेले.

छडी मी शाळेत ठेवायचो. मुद्दामच, ती घरी आणत नसे. शेवटच्या वर्षी मे महिन्यात शाळेला रंग द्यायचा म्हणून माझं सामान घरी आलं, आणि त्यात ती. मी दुपारी बाहेरून आलो तर वडील अंगणात उभे होते. अनवाणी. छडी त्यांच्या दोन्ही हातांत होती, काळ्या पट्ट्यावर, अंगठा खळगीत. जमिनीला टेकवायचा प्रयत्न करत होते, पण ती अडीच फुटांची, पोचेना. ते वाकले, आणखी वाकले, आणि तिथंच तसेच राहिले.

मी दारात उभा. त्यांना पावलं ऐकू आली असावीत. ते हळूहळू सरळ झाले. छडीकडं बघतच विचारलं,

"ही फळ्यापर्यंत पोचते ना?"

"पोचते, बाबा."

"वरच्या ओळीपर्यंत?"

"वरच्या ओळीपर्यंत."

"मग झालं," म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं पुसून ती त्यांनी माझ्या हातात दिली.